एकसष्ट आणि एकशेअठ्ठेचाळीस

मी गर्विष्ठ माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला धक्का बसायला नको. देवासला गियर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटीत इन्स्पेक्टर होतो. माझा शिक्का एकोणीस नंबरचा. गियरच्या अंगावर पिवळ्या रंगात एकोणीस उमटला, की असेंब्लीवाले तो पीस डोळे मिटून घ्यायचे. सुपरवायझर बदलले, मॅनेजर बदलले, एकदा तर मालकसुद्धा बदलले. एकोणीस नंबर बदलला नाही. 'न बघता मी कधी शिक्का मारला नाही' हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटलं आहे, की मी 'न बघता' एवढं म्हणताच बायको पुढचं पूर्ण करून भाजी फोडणीला टाकते.

ही खोड घरातही जात नाही. मुलीने एकदा धारकडच्या बाग गावची, ठशांनी छापलेली चादर आणली. मी ती पलंगावर पसरली आणि चष्मा लावून ठशाला ठसा जिथे जुळतो ते जोड बघत बसलो. चार हात काम सुरेख चाललं होतं, पुढे एका जागी ठसा केसभर सरकला होता. मी म्हणालो, इथे कारागिराला कुणीतरी हाक मारली असणार. बायको म्हणाली, चादर अंथरायची आहे, पास करायची नाहीये.

मुलगी माझ्यावर गेली आहे, असं मी म्हणतो आणि बायको नाही म्हणते. ती धारला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. इंदूरच्या एका सरांकडे तिने पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा ती अडतीसची होती. लोक म्हणाले, आता कशाला. तिने वाद घातला नाही, फॉर्म भरला. दर शनिवारी कॉलेज सुटलं की धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास अशा दोन बस बदलून ती घरी यायची, पाठीवर लॅपटॉप घेऊन. प्रयोगशाळा तिच्याजवळ नव्हती. तो लॅपटॉप होता, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या प्रथिनांच्या फायली होत्या. तेवढ्यावर तिचं संशोधन चालायचं.

ते संशोधन काय, हे मला कळायला दोन शनिवार लागले. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ. अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली. ओवलेल्या एकेकाला ती 'रेसिड्यू' म्हणते, मी मणी म्हणतो. प्रत्येक मण्याला नंबर असतो. ही माळ सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळून तिचा एक गोळा होतो, आणि दर वेळी अगदी ठरलेल्याच आकाराचा होतो. गुंडाळताना पाच नंबरचा मणी नव्वद नंबरच्या शेजारी येऊन बसतो. अशी कोण कोणाला टेकलं आहे याची यादी करायची, आणि कुठल्या टेकण्यामुळे आकार टिकून आहे ते शोधायचं, हे तिचं काम. तिचं प्रथिन गरम पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूचं होतं. आपलं प्रथिन तेवढ्या उष्णतेत उकडलेल्या अंड्यासारखं बिघडतं, याचं बिघडत नाही. का बिघडत नाही, हा प्रश्न.

"टेकलं आहे हे ठरवतेस कसं?" मी विचारलं.

"एकाचा कुठलाही अणू आणि दुसऱ्याचा कुठलाही अणू, यांच्यातलं अंतर साडेचारच्या आत असलं, तर काँटॅक्ट."

साडेचार म्हणजे साडेचार आंगस्ट्रॉम. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक आंगस्ट्रॉम. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजलं, म्हणजे हजाराव्या भागात, आणि त्याचाच मला केवढा माज होता.

"साडेचारच का?"

"मतलब लिमिट तो रखनी पडेगी ना, बाबा. आठ ठेवली तर जो तो एकमेकांना टेकलेलाच दिसतो. तीन ठेवली तर कुणीच कुणाला टेकत नाही."

"म्हणजे निळा जाड लागला."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. गियरचे दात एकमेकांना नीट टेकतात का, हे बघायला आम्ही एका गियरला निळा रंग चोपडायचो आणि जोडीचा गियर त्यावर फिरवायचो. जिथे टेकतं तिथे रंग उठतो. नवशिका माणूस रंग जाड लावतो, मग सगळाच दात निळा होतो आणि तो खुश होऊन पीस पास करतो. फार पातळ लावला तर चांगला पीस नापास होतो. रंग किती लावायचा, हीच खरी विद्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला परत नोकरीवर घेतल्यासारखं वाटलं.

त्या पाहण्याचं मला एवढं का वाटलं, तेही सांगतो. ती लहान असताना मी बहुतेक वर्षं बी शिफ्टला होतो, दुपारी तीन ते रात्री अकरा. सकाळी ती शाळेत जायची तेव्हा मी झोपलेला. दुपारी दोनला ती घरी यायची आणि सव्वादोनला मी सायकल काढायचो. ती दप्तर टाकून पाटावर बसायची, मी बुटाची नाडी बांधायचो. त्या पंधरा मिनिटांत मी तिला काय विचारायचो, तर जेवलीस का. समोर ताट असायचं तरी.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन निघायच्या दिवसांत एका शनिवारी ती पेढे घेऊनच आली. मंडीकडे चाललेल्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, बस तासभर उशिरा पोचली, तरी चेहरा उजळलेला. लॅपटॉप उघडून तिने एक चौकोनी चित्र दाखवलं. आडवे नंबर, उभे नंबर, मध्ये ठिपके. जो मणी ज्याला टेकतो तिथे ठिपका, आणि जितकं जवळ तितका गडद. एका जागी कोळशासारखा काळा ठिपका होता.

"ये वाला. एकसष्ट आणि एकशेअठ्ठेचाळीस. एवढं जवळ दुसरं कुणीच नाही. हाच तो बोल्ट, बाबा. याच्यामुळेच ते गरम पाण्यात टिकतं."

या बोल्टावर तिने लेख लिहिला होता. सोमवार शेवटचा दिवस. पीएच.डी.ला एक छापील लेख लागतो. हा छापला तर पुढचं सगळं मार्गी लागणार होतं, नाहीतर मुदत वाढवून मागावी लागणार, आणि ती एकदा मागून झाली होती. सरांनी शेवटचा हात फिरवून ठेवला होता. आता फक्त पाठवायचा होता.

मी म्हणालो, यादी कागदावर काढून दे. ती हसली. कॉम्प्युटरने केलेलं काम कागदावर कोण तपासतं. पण मी पेढा हातात धरून बसलो, खाल्ला नाही, तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून यादी छापून आणली. बावीस पानं.

रविवारी सकाळी मी ओळीखाली पट्टी ठेवून वाचायला बसलो. तीन पूर्णांक आठ. तीन पूर्णांक सहा. चार पूर्णांक एक. दोन पूर्णांक नऊ. अशी मापं चाललेली, आणि सातव्या पानावर एकसष्ट आणि एकशेअठ्ठेचाळीस, दोन पूर्णांक दोन. माझी पट्टी तिथे थांबली. आमच्या खात्यात एक सवय होती. रीडिंग फार चांगलं आलं, की आधी मोजायचा गेज पुसायचा, त्यालाच घाण लागलेली असू शकते.

"तू म्हणाली होतीस ना, एकमेकांशी न जोडलेले दोन अणू अडीचच्या आत येत नाहीत?"

"हो, साधारण नाही येत."

"मग हे दोन पूर्णांक दोन कसं?"

"म्हणूनच तर खास आहे."

"खास नाही. हे लोखंडात लोखंड घुसलंय."

ती चिडली. सॉफ्टवेअर ने निकाला है, मैंने थोडी, असं काहीतरी म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, ये तुम्हारा गियर नहीं है." हे मला लागलं. मीही आवाज चढवला. बायकोने पोह्यांच्या दोन बश्या आमच्या मधोमध आपटून ठेवल्या आणि म्हणाली, आधी खा, मग भांडा. दोघांनी बश्यांना हात लावला नाही.

मी म्हटलं, हा आकडा जिथून आला ते मूळ माप दाखव. तिने रागारागात फाइल उघडली. एकेका ओळीत एकेक अणू आणि त्याची तीन मापं: आडवं, उभं, खोल. हे मला परकं नव्हतं, कारखान्यात शेवटी शेवटी तीन बाजूंनी मोजणारं मशीन आलं होतं. मी एकसष्टच्या ओळी शोधल्या. त्यातल्या काही ओळी दोन-दोनदा होत्या. तोच अणू, एका ओळीत ए लिहिलेलं, दुसरीत बी, आणि मापं वेगळी.

"हे दोनदा का लिहिलंय?"

ती उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली. मग सावकाश सांगायला लागली, मला कमी आणि स्वतःला जास्त. काही मणी एका जागी स्थिर बसत नाहीत. निम्म्या वेळा इकडे, निम्म्या वेळा तिकडे. फाइल बनवणारा दोन्ही जागा लिहून ठेवतो, ए आणि बी; शेजारच्या मण्यांचे ए एका वेळचे, बी दुसऱ्या वेळचे. एकशेअठ्ठेचाळीसचंही तसंच होतं. तिच्या प्रोग्रॅमने ए-बी न बघता सगळ्या ओळी एकत्र वाचल्या होत्या.

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि हाताने गणित मांडलं. एकसष्टचा ए आणि एकशेअठ्ठेचाळीसचा बी. फरक एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक चार, एक पूर्णांक दोन. तिघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. दोन पूर्णांक दोन. मग ए आणि ए. तीन, चार, तीन पूर्णांक दोन. सहाच्या जवळपास आलं. बी आणि बी सव्वापाचाच्या पुढे. एक ए-ला असतो तेव्हा दुसराही ए-ला, एक बी-ला सरकला की दुसराही बी-ला. एकाच वेळी एक ए-ला आणि दुसरा बी-ला कधी नसतोच. म्हणजे हे दोघे कधीच टेकत नाहीत.

"ए शिफ्टचा माणूस आणि बी शिफ्टचा माणूस," मी म्हणालो. "स्टूल एकच, लॉकर एकच. रजिस्टरमध्ये दोघांची नावं शेजारी-शेजारी. पण तोंडओळख नाही."

तिने लॅपटॉप मिटला, पानं गोळा केली. एरवी सोमवारी पहाटेच्या बसने जायची, त्या दिवशी दुपारीच निघाली. दारात चपला घालताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बायको म्हणाली, "झालं समाधान?" समाधान कसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलेलं असू दे. मी ते गणित संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा केलं. तेच आलं.

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन आला.

"सरांना सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भेज दो. कौन एक-एक लाइन खोल के देखता है. कुणी पकडलंच तर तेव्हा बघू."

खरं सांगायचं तर सर जे म्हणाले ते चूकही नव्हतं. खरोखर कुणी बघितलं नसतं. देवासमधला एक म्हातारा सोडला तर ती ओळ कुणी वाचलीही नसती.

"मग?" मी विचारलं.

"मैंने नहीं भेजा." मग म्हणाली, "तो काँटॅक्ट काढून टाकला. आता लेखात काही उरलंच नाही, बाबा."

मी म्हणालो, "जेवलीस का?"

त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या एकतीस वर्षांत मला स्वतःचाही वाटला नव्हता. दहावीत ती शाळेत पहिली आली तेव्हा वाटला नव्हता, नोकरी लागली तेव्हा वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी देवीच्या टेकडीखालच्या बाकावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी सांगितलं, माझ्या पोरीने लेख पाठवलाच नाही. त्यांना वाटलं, मी दुःख सांगतोय. एक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे भिया, ये कोई बताने की बात है?" मी म्हणालो, "यही तो बताने की बात है." आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, ए शिफ्ट, बी शिफ्ट, सगळं. दोन जण उठून चहाला गेले. मी उरलेल्यांना सांगत राहिलो.

मुदतवाढीचा अर्ज तिने स्वतः लिहिला आणि त्यात कारण खरं लिहिलं. तीन ठिकाणी हेलपाटे घालून तो मंजूर करून घेतला. मग वर्षभर आमचे शनिवार-रविवार त्या कामात गेले. तिने प्रोग्रॅम बदलला, ए-ची गाठ ए-शीच आणि बी-ची बी-शीच पडेल असा. एका फाइलच्या जागी त्याच जातीच्या प्रथिनांच्या सोळा फायली घेतल्या. ती यादी काढायची, मी प्रत्येक दहावी जोडी हाताने मोजायचो. दोघं एका टेबलावर, मध्ये शेवेची वाटी. कधी कधी तासभर कुणी बोलायचं नाही, आणि मला ते फार आवडायचं.

शेवटी जे निघालं ते असं. त्या प्रथिनाला बोल्ट नव्हताच. कुठलाही एक काँटॅक्ट त्याला धरून ठेवत नव्हता. पुष्कळ छोटे-छोटे होते, एकेकटे बघितले तर मामुली, आणि ते सगळे मिळून गरम पाण्यात टिकत होते. बोल्टाच्या मानाने ही बातमी साधी होती, पण खरी होती. तो लेख एका लहानशा नियतकालिकात छापला गेला आणि त्याच्यावर तिला पीएच.डी. मिळाली. तिच्या प्रबंधात एक वाक्य आहे, की यादीतली प्रत्येक दहावी जोडी हाताने मोजून पाहिली आहे. कुणाच्या हाताने ते लिहिलेलं नाही. मी विचारलंही नाही. ते पान मात्र मी टेकडीवाल्या मंडळींना दाखवून आलो.

इथे हे लिखाण संपायला हवं होतं. पण सोमवारच्या त्या फोनपासून एक गोष्ट मला टोचते आहे, आणि ती न लिहिता हे कागद मी बाजूला ठेवले तर ते न बघता मारलेल्या शिक्क्यासारखं होईल.

ती पाचवीत असताना तिच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. तिने मला यायला सांगितलं होतं, आणि तोवर मी तिच्या शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला गेलो नव्हतो. त्यासाठी मी एका मित्राशी शिफ्ट बदलून सकाळची, तीनला सुटणारी ए शिफ्ट घेतली. सुटायला वीस मिनिटं उरली असताना चाळीस पिनियनचा ट्रे माझ्या टेबलावर आला. पिनियन म्हणजे जोडीतला लहान गियर. माल न्यायची गाडी फाटकात उभी होती. सुपरवायझर म्हणाला, चार देख लो, बाकी एकोणीस नंबर पे भरोसा है. मी चार बघितले. शिक्के चाळीस मारले.

सायकल दामटत मी शाळेत पोचलो. बाकी सगळ्यांनी टेबलं आवरली होती, ती एकटी आपलं मॉडेल मांडून उभी होती. तिने मला ते दोनदा समजावून सांगितलं. मी दोन्ही वेळा ऐकलं.

त्या दुपारचा मला पस्तावा नाही. त्या ट्रेचा आहे. ते छत्तीस पिनियन कधी परत आले नाहीत, कुणाची तक्रार आली नाही. पण तक्रार आली नाही म्हणजे पीस बरोबर होते असं नसतं, हे मी किती तरी नवीन पोरांना ओरडून शिकवलं आहे. ट्रे निघून गेला आणि मी घरात तेच वाक्य म्हणत राहिलो, इतकी वर्षं. सोमवारी धारमध्ये तिच्यापुढे तोच ट्रे आला होता. गाडी उभी होती, भरवसा ठेवणारा साहेब होता, बघणारं कुणी नव्हतं. तिने शिक्का मारला नाही.

हे तिला तोंडाने सांगायला मी पाच-सहा शनिवार बसलो. दर वेळी जेवलीस का एवढंच निघालं. म्हणून लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. येत्या शनिवारी हे कागद मी तिच्या हातात देणार आहे. तिची शाळा हिंदीत झाली, मराठी ती बोलते, पण लिपी तीच असूनही वाचताना शब्दांना अडखळते. शब्दाखाली बोट ठेवून वाचते, एका पानाला अर्धा तास लावते, आणि एक ओळ सोडत नाही.